प्रोसेसर घ्या, पण वायर कुठे जाणार ते आधी ठरवा

वाद्यांच्या दुकानात मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर घ्यायला आलेला मुलगा काउंटरवर पहिलं काय विचारतो? "यात इफेक्ट किती आहेत?" दुकानदार खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो. शेजारच्या खोक्यावर त्याहून मोठा आकडा असतो आणि सौदा त्या मोठ्या आकड्यावर ठरतो. घरी गेल्यावर महिनाभरात सगळे प्रीसेट वाजवून होतात, त्यातले दोन-तीनच वापरात उरतात आणि पहिल्याच कार्यक्रमात साउंडवाला म्हणतो, "भाऊ, गिटार फार चिरकतेय, जरा कमी कर."

घरच्या खोलीत, कॉलेजच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, चर्चच्या क्वायरमध्ये, कुठेही इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे. इफेक्ट मोजू नका. पेटीतून निघणारी वायर कुठे जाणार ते आधी ठरवा. हेडफोनमध्ये, गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये, मिक्सरमध्ये की कॉम्प्युटरमध्ये? एवढं घरून ठरवून निघालात तर निम्मी मॉडेलं आपोआप बाद होतात.

ही पेटी म्हणजे काय, ते थोडक्यात. पूर्वी प्रत्येक परिणामाला वेगळं पेडल लागायचं. डिस्टॉर्शनचं एक, कोरसचं एक, डिलेचं एक, प्रत्येकाला स्वतंत्र वीज आणि मध्ये आखूड वायरींचं जंजाळ. बॉस कंपनीने १९८८ मध्ये एमई-५ काढून यातलं बरंच काही एका पाटीवर आणलं. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा पॉड आला आणि पेडलंच नव्हे, तर नामांकित अ‍ॅम्पांचे आवाजही गणिताने उभे करण्याचं तंत्र सामान्य वादकाच्या आवाक्यात आलं. आज दहा हजारांच्या आगेमागे मिळणाऱ्या पेटीतही अ‍ॅम्प, स्पीकर आणि डझनावारी पेडलं यांची मॉडेलं असतात. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांनी तर ती उचललीच, पण बेंजो पार्ट्यांनीही उचलली. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोचा जो कापत जाणारा सूर ऐकू येतो, त्याच्या मागे बऱ्याचदा गिटारचाच प्रोसेसर असतो.

या सगळ्या साखळीत लोकांचं लक्ष जात नाही ते स्पीकरकडे. गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर प्रामाणिक नसतो. साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही तो बाहेर येऊच देत नाही. डिस्टॉर्शन लावल्यावर जी करकर तयार होते, तिचा मोठा भाग नेमका त्या वरच्या पट्ट्यात असतो. स्पीकर तो गाळतो, म्हणून अ‍ॅम्पमधलं डिस्टॉर्शन भरदार आणि गोल वाटतं. तीच वायर थेट मिक्सरमध्ये घातली की पीए सिस्टिम वरचं सगळं इमानेइतबारे ऐकवते आणि कानाशी डास घोंगावल्यासारखा आवाज येतो. हे टळावं म्हणून प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन असतं. वादकांच्या बोलण्यात त्याचं नुसतं 'कॅब' झालंय. बऱ्याच पेट्यांमध्ये त्यासाठी बाहेरून 'आयआर' फाइली भरता येतात. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला तो त्या स्पीकरचा ठसा असतो.

नियम सरळ आहे. वायर मिक्सर, हेडफोन किंवा कॉम्प्युटरकडे जात असेल तर कॅब चालू. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये जात असेल तर कॅब बंद, कारण खरा स्पीकर तिथे आहेच. अ‍ॅम्पमध्ये कॅब चालू राहिलं की आवाज दबलेला, मिणमिणता येतो. 'प्रोसेसर बेकार आहे' म्हणून विकायला काढलेल्या कित्येक पेट्यांचा दोष एवढाच असतो की वायर एकीकडे आणि सेटिंग दुसरीकडे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : "सगळ्या पॅचचं कॅब एकाच ठिकाणाहून चालू-बंद होतं का?" (पॅच म्हणजे पेटीत साठवलेली आवाजाची एक मांडणी.) बॉसच्या जीटी-१ मध्ये, उदाहरणार्थ, आउटपुट सिलेक्ट नावाची सेटिंग आहे. पुढे कोणत्या प्रकारचा अ‍ॅम्प आहे की सरळ लाइन किंवा हेडफोन, ते तिथे एकदा सांगितलं की झालं. ही सोय नसलेल्या पेटीत एकेक पॅच उघडून बदल करावा लागतो. कार्यक्रमाला अर्धा तास उरलेला असताना स्टेजच्या मागे उकिडवं बसून हे करणारे वादक मी बघितलेत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता एकेक मुक्काम घेऊ.

घरी हेडफोन लावून रियाज करायचा असेल, आणि आपल्यापैकी बहुतेकांचं वाजवणं शेजाऱ्यांच्या कृपेने तेवढंच असतं, तर महाग काही घेऊ नका. झूमच्या जी१ फोरसारखी छोटी पेटी पुरते. तिच्यात एका वेळी पाच इफेक्ट चालतात, लूपर आहे, तालाच्या तयार चाली आहेत, मोबाइलवरचं गाणं सोबत वाजवायला जागा आहे आणि चार पेन्सिल सेलवरही ती चालते. पायाचं पेडल हवं असेल तर जी१एक्स फोर. रियाजाला खरा उपयोग डिस्टॉर्शनच्या पन्नास प्रकारांचा होत नाही, लूपर आणि तालाचा होतो. चार कॉर्डांची आवर्तनं लूपरमध्ये भरायची आणि त्यावर वाजवत बसायचं. आपली लय कुठे पळते ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. कळल्यावर दोन दिवस वाईट वाटतं, तेही चांगलंच.

घरात किंवा क्लासमध्ये दहा-पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प असेल तर प्रोसेसरकडून अ‍ॅम्पचं काम करून घेऊ नका. अ‍ॅम्पचा स्वच्छ चॅनल ठेवा, कॅब बंद, शक्यतो अ‍ॅम्पचं मॉडेलही बंद, आणि पेटीतून फक्त ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले एवढंच घ्या. एका अ‍ॅम्पच्या नकलेवर दुसरा अ‍ॅम्प चढवला की बेस घुमतो आणि मग दोष कोणाचा ते सापडत नाही. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासून चालत आलेला अ‍ॅम्प याला थोडा अपवाद. तो मुळातच इतका स्वच्छ वाजतो की त्यात अ‍ॅम्पचं मॉडेल चालू ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. स्टुडिओच्या रिहर्सल रूममध्ये तो दिसला तर हे लक्षात ठेवा.

मिक्सरमध्ये वायर जाणारे वादक आपल्याकडे सर्वांत जास्त. गणेशोत्सवाचा मंडप, गॅदरिंग, लग्नाचं रिसेप्शन, सगळीकडे साउंडवाला एक वायर हातात देतो आणि निघून जातो. अशा वेळी कॅब चालू ठेवायचं हे तर आलंच. ती एकच वायर पेटीच्या 'लेफ्ट/मोनो' लिहिलेल्या भोकातच घाला. उजवीकडच्या भोकात घातली तर काही पेट्यांत अर्धाच आवाज बाहेर येतो. डावी-उजवीकडे फिरणारा डिले हेडफोनमध्ये कितीही गोड वाटला तरी मंडपातली सिस्टिम बहुधा मोनोच असते, तिथे तो फुकट जातो.

याहून मोठी अडचण कानाची आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार, दोन्ही टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. रात्री अकराला हेडफोनवर हळू आवाजात पॅच बनवताना आपण नकळत बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मधला पट्टा कापतो. एकट्याने ऐकताना तो पॅच भव्य वाटतो. बँडमध्ये तोच पॅच गायब होतो, कारण खाली बेस गिटार आणि ढोलकी किंवा किक ड्रम बसलेले असतात, वर झांजा. गिटारची जागा मधे आहे आणि ती आपण स्वतःच्या हाताने रिकामी केलेली असते. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. त्याखाली जे काही आहे ते गिटारचं नव्हेच, कापून टाका. मिड्स वर आणा, गेन तुम्हाला हवासा वाटतो त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा. खोलीत ऐकताना तो पॅच थोडा नाकातून बोलेल. बोलू दे. मंडपात तोच ऐकू येणार आहे.

कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर एक गोष्ट खोदून विचारा. पेटीला यूएसबीचं भोक आहे म्हणजे त्यातून आवाज जातोच असं नाही. काही स्वस्त पेट्यांची यूएसबी फक्त पॅच भरायला आणि सॉफ्टवेअर अपडेट करायला असते. 'ऑडिओ इंटरफेस' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जीटी-१ मध्ये ते आहे, झूमच्या जी१ फोरमध्ये नाही. आणि रेकॉर्डिंग हाच मुख्य उद्देश असेल तर प्रोसेसर न घेता साधा ऑडिओ इंटरफेस घेण्याचाही विचार करा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. खऱ्या अ‍ॅम्पांचे त्यात उतरवलेले आवाज कॉम्प्युटरवर ऐकले की लाखाच्या पेट्यांबद्दलची ओढ थोडी कमी होते.

मुक्काम ठरला की पेटी हाताळायची कशी याकडे बघा. नॉब असलेली आणि मेनूची, असे ढोबळ दोन प्रकार पडतात. बॉसच्या एमई मालिकेत, म्हणजे एमई-८० किंवा २०२३ चा एमई-९०, पाटीभर नॉब आहेत. दिसतंय तेच वाजतंय. मेनूच्या पेटीत तेवढ्याच किमतीत जास्त काही मावतं, पण वाजवता वाजवता डिले थोडा कमी करायचा तर चार बटणं दाबावी लागतात. ज्याला रात्री बसून पॅच घडवायची हौस आहे त्याने मेनूची घ्यावी. ज्याला हौस नाही त्याने नॉबांवरच जावं, लाजू नये. मेनूच्याच पेटीत मॅन्युअल किंवा स्टॉम्प मोड असेल तर मधला मार्ग निघतो. तिथे एकेक बटण एकेक पेडल चालू-बंद करतं.

दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. तिथल्या महागड्या गिटारवर सगळंच छान वाजतं. विक्रेता पहिला प्रीसेट लावेल, त्यात डिले, रिव्हर्ब, कोरस सगळं ओतलेलं असेल आणि एक तार छेडली तरी खोली भरून जाईल. तो पॅच विक्रीसाठीच बनवलेला असतो. त्याला सांगा, रिकामा पॅच द्या. एक स्वच्छ अ‍ॅम्प आणि त्याचं कॅब, बाकी सगळं बंद. ई मायनर छेडा आणि पूर्ण विझेपर्यंत थांबा. शेवटी आवाज एकदम कापला जातो का, मागे सळसळ उरते का, ते ऐका. मग मध्यम गेनचा अ‍ॅम्प लावून गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब दहावरून पाचवर आणा. चांगल्या मॉडेलमध्ये डिस्टॉर्शन ओसरत जवळजवळ स्वच्छ होतं. हलक्या मॉडेलमध्ये करकर तशीच राहते, नुसती लहान होते. ही एक चाचणी खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगते, आणि दुकानात ती करताना फारसं कोणी दिसत नाही.

तार वाजती ठेवूनच पायाने पॅच बदला. मध्ये खाच पडते का? बऱ्याच पेट्यांत पडते, गाण्याच्या अंतऱ्यावर येताना ती चांगलीच जाणवते. आधीच्या पॅचचा डिले नव्या पॅचमध्ये विरत जातो की तिथेच तुटतो? लाइन ६ च्या हेलिक्स, एचएक्स स्टॉम्प आणि पॉड गो या पेट्यांत यासाठी स्नॅपशॉट आहेत. पॅच तोच राहतो, आतली मांडणी बदलते, म्हणून खाच पडत नाही. खाच पडणारी पेटी घेऊ नका असं नाही. एका गाण्याला एकच पॅच ठेवून त्यातलं ओव्हरड्राइव्ह तेवढं चालू-बंद केलं तरी काम निभतं.

दोन छोट्या गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. ट्यूनर चालू केल्यावर आवाज बंद झाला पाहिजे. दोन गाण्यांच्या मध्ये अख्ख्या प्रेक्षागृहाला तारा जुळवताना ऐकवणं बरं नव्हे. आणि टॅप टेम्पो हवाच. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एका ठोक्याचा डिले ५०० मिलिसेकंदांचा, आणि पाऊण ठोक्याचा, घोडदौडीसारखा वाजणारा प्रसिद्ध डिले ३७५ चा. हे गणित स्टेजवर कोण करणार? पायाने चार वेळा बटण दाबलं की पेटी करते.

विजेचं सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. गिटारच्या पेट्यांचे अ‍ॅडॉप्टर बहुतेक ९ व्होल्टचे आणि मध्ये ऋण असलेले असतात. घरातला दुसऱ्या कशाचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर त्याच भोकात छान बसतो, पण त्याच्या मध्ये धन असू शकतं, आणि पेटी तिथेच बसते. प्लगजवळची ती दोन वर्तुळांची खूण वाचायला शिका, मिलिअँपिअरचा आकडाही बघा. मंडपात गुणगुण आली तर अर्थिंगची पिन मोडून वाजवू नका. हा सल्ला स्टेजवर कोणी ना कोणी देतोच, आणि तो जिवावर बेतू शकतो. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

पैशाचं बोलायचं तर दहा हजारांच्या आगेमागे शिकण्याची पेटी मिळते, वीस-पंचवीसमध्ये कार्यक्रम करण्याची. मूअर, न्यूक्स, व्हॅलेटन या चिनी कंपन्यांनी मधल्या किमतीत आयआर आणि ऑडिओ इंटरफेस आणून जुन्या नावांना घाम फोडलाय, त्यांना नाक मुरडू नका. फक्त दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा. लाखाच्या पुढे हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स यांचं जग आहे. वाजवून पैसे मिळवत असाल तरच तिकडे जा. जुनी पेटी घेत असाल तर प्रत्येक फूटस्विच वीस वेळा दाबा, एकदा दाबल्यावर दोनदा लागतो का बघा. एक्स्प्रेशन पेडल हळूहळू दाबताना आवाज मध्येच उडी मारतो का ऐका, आणि जॅक थोडा हलवून बघा.

काहींनी मात्र अजून घेऊच नये. गिटार हातात येऊन सहा महिने झाले नसतील, तर ते पैसे आधी गिटारच्या सेटअपवर आणि चांगल्या तारांवर घाला. बाराव्या फ्रेटवर सूर चुकत असेल तर कोणताही कोरस तो लपवणार नाही. पालकांनाही हेच सांगेन. मुलाने हट्ट धरला म्हणून पेटी आणण्याआधी त्याची गिटार एकदा कारागिराला दाखवा. पिकअप लावलेली अकूस्टिक वाजवणाऱ्याला तर यातल्या अ‍ॅम्प मॉडेलांचा उपयोगच नाही, त्याला अकूस्टिकसाठीचा वेगळा प्रीअ‍ॅम्प बरा.

मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात, किंवा गोव्यात, वाजवून बघायची सोय असते. सांगली-लातूरकडच्या मुलाला ऑनलाइनच मागवावं लागतं. त्याने तरी परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि खोकं फाडू नये. जवळ दुकान असलेल्यांनी शनिवार-रविवार टाळून दुपारी जावं, आपल्या वायरीचा मुक्काम सांगावा आणि त्याच मुक्कामावर ऐकवायला सांगावं. मिक्सरमध्ये वाजवणार असाल तर पीए स्पीकरवरच ऐका. विक्रेता "हेडफोनवर ऐका, तसंच वाजतं" म्हणाला तर नमस्कार करून दुसरं दुकान गाठा. पसंत पडली तर बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या, अ‍ॅडॉप्टर त्याच कंपनीचा आहे ना बघा, आणि पहिले पंधरा दिवस तयार प्रीसेटना हात न लावता एकच पॅच स्वतः शून्यातून बांधा.